अंबय्याचा काटा

आमच्या शेजारचा अंबय्या माणसाला सुताच्या गठ्ठ्यासारखा तोलतो. हसू नका, खरंच तोलतो. त्याची हयात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात गेली. आधी मागावर, आता म्हातारपणी गेटवर. तिथं गठ्ठे तोलायचा लोखंडी काटा आहे. गठ्ठा तोलला की वर गुंडाळलेल्या पोत्याचं वजन वजा करतात, त्याला बारदान म्हणतात. अंबय्यानं मला त्या काट्यावर उभं केलं आणि माझं बारदान वजा केलं. टोपी, सदरा, धोतर, चपला.

"आरं, चपला मी काढल्यात की."

"मग धोतराला जास्त धरतो. जुनं हाय, मळ बसलेला असतो."

पावसाळी हवा असली तर तो तोलत नाही. ओल्या हवेत सूत जड होतं, म्हणून माणूसही होत असणार, असं त्याचं म्हणणं. मी विचारलं, "मी काय सूत हाय का?" तर म्हणाला, "सूत असतास तर बरं झालं असतं. सुताला खा म्हनावं लागत न्हाय."

आता हे खाण्याचं काय, ते सांगतो. माझी बायको शांता गेली. दुखणं लांबलं नाही. जायच्या आधी तिनं डबाभर कडक भाकरी करून ठेवल्या होत्या. आमच्या सोलापुरात कडक भाकरी लई दिवस टिकते, पापडासारखी. ती मी चहात बुडवून खात राहिलो. डबा संपला, तसं माझं खाणंही संपलं. लेकीचा फोन आला की जेवलो म्हणून सांगायचं. धोतर कमरेवर ठरेना. मरायचं होतं असं नाही. जगून करायचं काय, ते कळत नव्हतं, एवढंच.

अंबय्याचं उलटं. खुर्चीतनं उठला की खुर्ची त्याच्याबरोबर उठायची. डॉक्टरनं त्याला दम भरला आणि एक प्रोग्राम सांगितला. सकाळी चालायचं, तेल कमी, मोडाची मटकी, पालेभाजी, गोड बंद. हा दवाखान्यातनं घरी न जाता थेट माझ्या दारात.

"प्रोग्राम सुरू. तू बी यायचं."

"मी वाळून काटकी झालोय. मला रं कशाला?"

"प्रोग्राम एकच. माझं उतरंल, तुझं चढंल. एकाच सुतातनं पंचा बी निघतो आन चादर बी निघती की."

याला काय बोलायचं? वाद घालायला अंगात त्राण लागतं. ते नव्हतं, म्हणून गेलो.

सकाळी तो दाराची कडी वाजवत नाही. रस्त्यात उभा राहून ओरडतो. मागांच्या खडखडाटात जन्म गेला, त्यामुळं हळू बोलणं त्याला ठाऊक नाही. सगळी गल्ली उठते, मग मी उठतो. चालताना त्याचं आणखी निराळं. मागावरचा धोटा कसा इकडून तिकडं पळतो, तसा हा पुढं जायचा, वळून माझ्यापाशी यायचा, परत पुढं जायचा. मी एकदा मैदानापर्यंत जाईस्तोवर याचं दुप्पट चालणं व्हायचं. वर मलाच म्हणायचा, "दमलास व्हय?" मी म्हणायचो, "तुला बघून दमलो."

चालून आलं की जेवण माझ्याच घरी. भाजी तो आणायचा, शिजवायचो मी. मी म्हटलं, "मी माझं खातो, तू तुज्या घरी जा." तर म्हणाला, "तू ताट कुत्र्याला घालतोस. पहारा पायजे." ते खरंच होतं. मग तो माझ्यासमोर मांडी घालून बसायचा, म्हणजे पोट मावेल तेवढी घालायचा, आणि आपला घास बाजूला ठेवून माझ्या हाताकडं बघत राहायचा. "तिनु, तिनु," म्हणायचा. तेलुगूत खा, खा. माझं ताट रिकामं झालं की मगच स्वतःचा घास घ्यायचा. आणि जेवणार किती सावकाश! मूठभर मटकी घेऊन ऊन अंगणात येईपर्यंत चघळत बसायचा. कुठल्या मागाचा पट्टा कधी तुटला, कुठला मालक कसा शिवी द्यायचा, सगळं सांगायचा.

एकदा मी चिडलो. त्या दिवशी शांताची लई आठवण येत होती आणि याचं पट्ट्याचं चालूच. म्हटलं, "अंबय्या, घरी जा. दोन पोरं, सुना, नातवंडं, पाय ठेवायला जागा न्हाय तुज्या घरात. रिकामं घर काय असतं, तुला काय कळतंय?"

त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण मी बोललो.

तो म्हणाला, "मटकी चावून खा. गिळू नको."

डॉक्टरनं सांगितलेली मुदत भरली तसा तो मला कारखान्यात घेऊन गेला. शेवटचा तोल. तिथं गठ्ठे जोडीनं तोलायची रीत आहे, वेळ वाचतो. पहिल्या दिवशीही त्यानं आमचं एकेकट्याचं झाल्यावर दोघांना जोडीनं उभं केलं होतं आणि तेवढाच आकडा खडूनं भिंतीवर लिहिला होता. आता परत जोडीनं उभं केलं. एका काट्यावर दोन म्हातारे, धोतराला धोतर लावून. कामगार माग बंद करून बघायला आले. बारदान वजा झालं. अंबय्यानं भिंतीवरचा आकडा बघितला, काटा बघितला, आणि मटकन गठ्ठ्यावर बसला.

"अय्यो! व्हता तितकाच! एवढं करून समदं वाया. प्रोग्राम फेल!"

त्याचं तोंड इतकं पडलं की मलाही आधी खरंच वाटलं. मग ध्यानात आलं.

"आरं येड्या, तुजं उतरलं, माजं चढलं. बेरीज तितकीच येनार की!"

कामगार हसून हसून गठ्ठ्यांवर लोळले. मग एकेकाला तोललं, पहिल्या दिवसाचे आमचे आकडे मला पाठ होते. दोघं पास. अंबय्यानं मला टोपी घातली, हातात नारळ दिला, धागा सुटून बाद झालेला एक टॉवेल खांद्यावर टाकला, आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. वर माझ्या कानाशी ओरडला, "नारळ देवाला दे. खोबऱ्यात तेल असतं."

घरी आलो. टॉवेल खुंटीला अडकवला आणि बसलो. प्रोग्राम पूर्ण झाला की माणसाला काय वाटतं, मला माहीत नाही. मला आनंद वगैरे झाला नाही. भूक लागते आता, झोप येते. पण शांता नाही ती नाहीच. अंगावर मांस चढलं ते तिच्या माघारी चढलं, तिच्या हातचं न खाता. त्याची जरा लाजच वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत आवाज नाही. मी आपला जागा होऊन बसलेला. ऊन वर आलं. वाट बघून शेवटी मीच त्याच्या घरी गेलो.

अंबय्या पायरीवर बसला होता. पायात बूट, नाड्या बांधलेल्या. आत टीव्ही लागलेला, एक पोरगा कामावर निघालेला, दुसरा मोबाईलवर, नातवंडं शाळेच्या गडबडीत. सून मला म्हणाली, "बघा की काका, पहाटेपासनं असंच बसलेत."

"का रं, आला न्हाइस?"

"तुजं झालं की पूर्ण. पास झालास."

"मग बूट घालून कशाला बसलास?"

त्यानं बुटाकडं बघितलं, जणू दुसऱ्या कुणाचे आहेत. आत ओट्यावर एक ताट झाकून ठेवलेलं दिसत होतं.

"ते कुनाचं?"

"माजंच. सून चांगली हाय, नाव ठेवायला जागा न्हाय. येळच्या येळी करून झाकून ठेवती. घरात ज्याला जवा भूक लागंल तवा तो खातो." आणि पहिल्यांदाच तो हळू बोलला. "बायकू गेल्यापासनं कुनी समोर बसून जेवलं न्हवतं रं. तुज्याकडं जेवलो."

मी त्याच्या दंडाला धरून त्याला उठवलं. म्हटलं, "चल. भाजी काय घ्यायची?"

"दोडका," तो म्हणाला.

मला दोडका आवडत नाही. शांतालाही आवडत नव्हता, आमच्या घरात कधी शिजला नाही.

आम्ही दोडका घेतला.