समक्ष खोकून दाखवणे

पाणीपट्टी कार्यालयातल्या आवक कारकुनाला सोमवारी सकाळी ताप भरला. ही बाब त्याने फोन करून रीतसर साहेबांच्या कानावर घातली.

“आवाज बसलाय खरा,” साहेब म्हणाले, “पण फोनवर आवाज कोणीही बसवतो. समक्ष येऊन खोकून दाखवा.”

कारकून मफलर गुंडाळून आला आणि साहेबांच्या टेबलावर वाकून खोकला. साहेबांनी चष्मा पुसत खोकला ग्राह्य धरला. मात्र रजा मंजूर करण्याचे अधिकार वरच्या मजल्यावर होते. तिथे मोठ्या साहेबांनी काचेच्या बंद खोलीत त्याला पुन्हा खोकायला लावलं.

“अस्सल आहे,” ते म्हणाले. “पण दुपारी सर्दी-खोकल्यावर व्याख्यान आहे. हजेरी सक्तीची. तुमच्याइतकी गरज दुसऱ्या कुणाला आहे?”

अख्खं कार्यालय दाटीवाटीने बसलं. व्याख्यानाला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी घाम पुसत खिडक्या उघडायला सांगितल्या. त्या उघडेनात. त्यांच्यावर ‘मोकळी हवा, निरोगी फुप्फुसं’ असा फलक खिळ्यांनी ठोकला होता.

“ज्याला खोकला, त्याने घरीच थांबावं,” बाई म्हणाल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. कारकुनानेही दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. त्यामुळे तोंडावर धरायला हात उरला नाही.

आठवडाभरात कार्यालय खोकू लागलं. साहेबांनी खणातल्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या समानतेच्या तत्त्वावर प्रत्येकी अर्धी वाटल्या. विषाणूंनी त्यांची दखल घेतली नाही.

टंकलेखक ताईंनी खोकला घरी नेला. घरी तान्ही लेक होती. ती दूध सोडून नुसती धापा टाकायला लागली, फासळ्या आत ओढल्या जायला लागल्या, तेव्हा नवरा-बायको तिला उचलून इस्पितळात धावले. तिला प्राणवायू लावावा लागला.

लेक बरी होऊन घरी आली, तशा ताई थेट मोठ्या साहेबांपुढे उभ्या राहिल्या. “खोकून दाखवायला तिला इथे आणायचं तेवढं राहून गेलं, साहेब.”

मोठ्या साहेबांचा चेहरा उतरला. त्याच दिवशी त्यांनी आदेश काढला: खोकला असल्यास कुणालाही न विचारता घरी थांबावे. ताईंचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी एकही खुर्ची रिकामी नव्हती. कारकून खोकत होता, साहेब खोकत होते, वरून मोठ्या साहेबांचाही आवाज येत होता.

“अहो, घरी थांबायचं ना!” ताई कळवळून म्हणाल्या.

“खोकला असता तर थांबलोच असतो,” सगळे एका सुरात म्हणाले. “ही साधी ॲलर्जी आहे.”

म्हणजे तुम्हाला आहे तीच. आत्ता वाचता वाचता घसा खाकरून, शेजारच्याची नजर चुकवत जिचं नाव घेतलंत, ती.