पुकारेकरी रावसाहेबांच्या दोन दातांची मोहीम

समस्त सुज्ञ जनांस, दातांच्या तथा बिनदातांच्या, विदित व्हावे, की जुन्या सामानाच्या लिलावाचे मुख्य पुकारेकरी, खासे रावसाहेब, यांची वरली पुढची दोन ठाणी कैसी पडली आणि कैसी परत वसली, ती हकीकत घडली तैसी लिहिली आहे. तीत रावसाहेबांची शोभा वाढेल ऐसे फारसे नाही, त्यास आमचा इलाज नाही.

रावसाहेबांस आपल्या बळाचा गर्व बहुत. मेव्हण्याचे घरी मेजवानीस, बाटली उघडावयाची चावी समोर असता, मर्दुमकी दाखवावी म्हणोन झाकण दातांनी उपटो गेले आणि झाकण साबूत राहिले, दोन दात मात्र कामास आले. मग दंतवैद्य बाईंनी इम्प्लांटची मसलत दिली, परंतु सुईचे नाव ऐकताच स्वारीस घाम फुटला आणि असल्या थेरांची आम्हांस गरज नाही ऐसे फर्मावून, काढघालीची कवळी घेऊन स्वारी माघारी फिरली.

ती कवळी म्हणजे फितूर चाकर. बोलता हाले, हसता घसरे. पुढे एका जुन्या हॉटेलाच्या सामानाचा मोठा लिलाव मांडला आणि कपाटाची बोली चढत गेली आणि रावसाहेबांनी हातोडा उगारून शेवटली आरोळी दिली, तो कवळी ठाणे सोडून उडाली आणि पुढल्या रांगेतील एका बाईंच्या मांडीवर जाऊन पडली. मागून कोणा बेअदबाने विचारले, "हिची बोली कितीपासून?" दिवाणखाना हास्यात बुडाला. रावसाहेब तोंडावर हात धरोन खाली उतरले. हातोडा तेथेच हाताखाली असलेल्या मेव्हण्याने उचलला, आणि मालकांचा हुकूम सुटला की यापुढे पुकारा मेव्हण्याने करावा, रावसाहेबांनी खुर्च्यांस नंबर चिकटवावे.

मग स्वारी घरी येऊन भिंतीकडे तोंड करोन निजली. खाशांच्या पत्नी बाईसाहेबांनी हे नाटक थोडा वेळ चालू दिले आणि फर्मान काढले, "उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात यायचं. नाहीतर जन्मभर चिकटवत बसा नंबर."

दवाखान्यात रावसाहेबांनी शेजारच्या दातांवर टेकून बसणाऱ्या ब्रिजची पळवाट काढून पाहिली. दंतवैद्य बाईंनी समजाविले, की ब्रिजसाठी शेजारचे धडधाकट दात घासावे लागतील आणि कवळीच ठेविली तर तिच्याखालचे हाड बिनकामाचे झिजत जाईल. इम्प्लांट मात्र हाडात रोवलेल्या धातूच्या मुळावर स्वतःच उभे राहील, हाडास काम देईल, शेजाऱ्यांस उपद्रव देणार नाही आणि बोलता-चावता हलणार नाही. रावसाहेबांनी बारीक आवाजात पुसले, "दुखेल का हो?"

"बधिर करूनच करते. बाटलीपेक्षा कमी लागेल."

मग मोहीम जाहली. सुई दूर असताच खाशांनी कण्हणे आरंभिले आणि काम उरकल्याचे सांगितले तेव्हा, सुरुवात कधी, ऐसे विचारले. पुढे हाडाने मूळ घट्ट धरेतो कित्येक महिने गेले आणि त्या अवधीत रावसाहेबांनी मऊ अन्न खाऊन आपल्या शौर्याच्या कथा भेटेल त्यास ऐकविल्या. प्रत्येक कथेत सुई वाढत गेली. शेवटी मुळांवर दात बसले, रोज नीट घासण्याची सक्त ताकीद मिळाली, आणि पहिल्याच लिलावात रावसाहेबांचा पुकारा ऐसा खणखणीत उठला, की मेव्हणा हातोडा सोपवून खाली बसला.

त्या सांजेस रावसाहेब जेवावयास बाईसाहेबांसमोर येऊन बसले. दात गेल्यापासून ते बोळके कोणी पाहू नये म्हणोन आतल्या खोलीत दार लोटून जेवत असत. त्यांनी सफरचंद उचलले आणि समोरून चावले. बाईसाहेब पाहत राहिल्या. त्यांचे डोळे भरले, आवाज मात्र कोरडाच ठेविला. "एवढंच होतं, तर इतके दिवस मला एकटीला का जेवायला लावलंत?"

रावसाहेबांनी सुरी घेतली. त्यांनी सफरचंदाची फोड कापून बाईसाहेबांच्या ताटात ठेविली.

येणेप्रमाणे दोन्ही ठाणी कायम वसोन फत्ते जाहली. हिकमत दंतवैद्य बाईंची, चिकाटी बाईसाहेबांची. तोंड तेवढे रावसाहेबांचे.