मालकांना घेऊन येणे

आमच्या तालुक्यात दर दहा हजार किलोमीटरला गाडी आपल्या मालकाला तपासणीसाठी घेऊन येते. त्या दिवशी ती दुसरीकडे कुठेही जात नाही. बाजाराकडे वळवली तरी चाकं केंद्राच्याच रस्त्याला लागतात, म्हणून लोक आदल्या दिवशी भाजी आणून ठेवतात आणि सोबत डबा घेऊन येतात.

मालक तपासणी केंद्र जुन्या जकात नाक्याच्या इमारतीत आहे. डावीकडे गाड्यांसाठी पत्र्याची शेड, उजवीकडे मालकांसाठी दोन बाकडी. तक्रार गाडी स्वतः करते. तिच्या डॅशबोर्डखालच्या फटीतून बसच्या तिकिटाएवढी चिठ्ठी निघते आणि आम्ही ती नोंदवहीत चिकटवतो. 'मालक क्लच दाबताना दात खातात.' 'मालक मार्चपासून गाणं म्हणत नाहीत.' मग आम्ही मालकाचे डोळे, कान, मान, गुडघे, राग आणि थांबणं तपासतो. राग तपासण्यासाठी त्याला एका अनोळखी माणसाकडून चुकीचा पत्ता नीट समजावून घ्यावा लागतो. थांबणं तपासायला तो दहा मिनिटं काही न करता बसला पाहिजे.

मी चार वर्षं परदेशात हाच विषय शिकून परत आले होते. तिथे मालकाच्या छातीतला आवाज ऐकायला यंत्र असतं. इथे दाभोळे कान लावतात. ते सव्वीस वर्षं केंद्रात आहेत आणि त्यांचं चुकलेलं कोणाला आठवत नाही. यंत्रासाठी मी पाच अर्ज केले होते. दाभोळेंनी ते पाचही नीट फाईलला लावले होते.

त्या मंगळवारी मगदूमांची फाईल टेबलावर आली. मगदूम, शालन रावसाहेब. छोटी राखी गाडी, बारा वर्षांची. गाडीच्या नावाने पाठवलेल्या पहिल्या सूचनेपुढे दाभोळेंच्या अक्षरात लिहिलं होतं, 'मालक आणले नाहीत.' दुसरीपुढे तेच. ही तिसरी सूचना होती. तिसऱ्या वेळीही मालक आले नाहीत तर गाडी प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या माणसाकडे जाते. यादीत पहिले हुपरीचे एक सराफ होते आणि त्यांचे सकाळपासून दोन फोन येऊन गेले होते.

"आणले नाहीत म्हणजे गाडी रिकामी आली होती?" मी विचारलं.

"रिकामी कशी येईल? बाई घेऊन आल्या होत्या. शेजारी एक गृहस्थ होते," दाभोळे म्हणाले. "त्यांना तपासायला घेतलं, तर गाडी नाही म्हणाली. गाडी म्हणते ते लिहायचं, मॅडम."

साडेअकराला राखी गाडी शेडमध्ये आली. चालवत होत्या त्या शालनताई. पंचावन्नच्या पुढच्या, डोक्यावरून पदर, नाकावर मोठ्या काड्यांचा चष्मा. शेजारून ताठ, वाळकेसे गृहस्थ उतरले. त्यांचा उजवा हात डाव्यापेक्षा चांगलाच काळा होता. एकतीस वर्षं एसटी चालवल्यावर खिडकीकडचा हात तसाच राहतो.

"मालक कुठे आहेत?" मी विचारलं.

"ह्ये काय," शालनताई म्हणाल्या. "आणलंय की. ह्या खेपेला नवा शर्ट घालून आणलंय."

मी रावसाहेबांना बाकड्यावर बसवलं आणि अर्ज भरायला घेतला.

"डोळे?"

"उजवा रिटायर झाला. डावा अजून ड्यूटीवर हाय, पण लेट येतो," ते म्हणाले.

एवढ्यात गाडीने एकदाच, अगदी हळू हॉर्न दिला. दाभोळेंनी जाऊन चिठ्ठी आणली. 'हे नव्हेत. हे चांगले आहेत, पण हे नव्हेत.'

"असं कसं?" शालनताई गाडीकडे बघून म्हणाल्या. "लगीन झाल्यापास्नं ह्येच हायत. आमचं मालक दुसरं कुठलं आणू मी?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आमच्या भागात जुन्या वळणाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. नवऱ्याला मालक म्हणतात. सूचनेत छापलं होतं, 'मालकांना घेऊन येणे', आणि बाईंनी तिन्ही वेळा सूचना अक्षरशः पाळली होती.

मी त्यांना गाडीचं नोंदणीपत्र दाखवलं. नाव त्यांचं होतं. गाडी घेतली त्या दिवशी रावसाहेब सोलापूरच्या फेरीवर होते आणि त्यांना रजा मिळाली नव्हती, म्हणून सह्या बाईंनी केल्या होत्या. पुढे रावसाहेबांची नजर गेली आणि बाई पन्नाशीत गाडी शिकल्या.

"म्हणजे मालक तुम्ही आहात, शालनताई. गाडी तुम्हालाच घेऊन येत होती."

"मी?" त्यांनी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. "मी चालवते. चालवलं म्हणून काय मालक व्हतंय? भाकरी थापते म्हणून मी काय जोंधळा झाले?"

दाभोळेंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. अर्जाचा पहिला रकाना कडक आहे. मालकाने गाडीला ऐकू जाईल असं स्वतःच्या तोंडाने 'मी मालक' म्हणायचं असतं. त्याशिवाय तपासणी सुरू होत नाही.

"तेवढं म्हणा," मी म्हणाले.

"म्हणू कशी? मालक म्हंजे ह्ये. मी मालक म्हणायचं म्हंजे मी ह्ये हाय म्हणायचं. सरकारी कागदावर खोटं बोलायला लावता व्हय?"

"मुद्दा बरोबर आहे, मॅडम," दाभोळे म्हणाले आणि त्यांनी तो शेऱ्यात लिहून घेतला.

मग मी बोलले. नावाचा हक्क, सहीचा हक्क, ज्या हातात चाक आहे त्या हाताचा हक्क. बहुधा दहा मिनिटं बोलले. माझा प्रत्येक शब्द मला खरा वाटत होता आणि अजूनही वाटतो. शालनताई मन लावून मान हलवत होत्या. माझं झाल्यावर त्यांनी विचारलं, "सकाळपास्नं खाल्लंयस का न्हाईस?" आणि डब्यातलं धपाटं काढून माझ्या अर्जावर ठेवलं.

मी ते खाल्लं. अर्जावर तेलाचा गोल उमटला. फोन वाजला. हुपरीचे सराफ होते.

"गाडी जाईल का वो?" फोन ठेवल्यावर बाईंनी विचारलं. आवाज खाली आला होता.

"पाचपर्यंत तपासणी झाली नाही तर जाईल."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग सांगू लागल्या. रोज संध्याकाळी त्या मालकांना गाडीत बसवून बेलवाडी फाट्यापर्यंत नेतात आणि परत आणतात. रावसाहेबांचा नोकरीतला तो शेवटचा मार्ग होता. त्यांना दिसत नाही, पण वळण आलं की अंग आधीच कलतं आणि प्रत्येक थांब्याचं नाव ते मोठ्यानं घेतात. फाट्यावर एसटी चहासाठी थांबायची. तिथे ते सांगतात, गाडी दहा मिनिटं थांबेल. मग परत.

"ज्या दिवशी न्हाई गेलो त्या दिवशी जेवत न्हाईत," बाई म्हणाल्या. "ताटावर नुसतं बसून ऱ्हातात. मला इचारतात, फाटा आला का."

रावसाहेब खाली बघत नव्या शर्टाचं बटण चाचपत होते. मग त्यांनी तोंड दाभोळेंच्या दिशेला केलं.

"साहेब, चालकाचं म्हणणं चालतं का हितं?"

दाभोळेंनी नियमावली काढली. कलम चौदा. 'मालकास बोलता येत नसल्यास चालकाचे निवेदन ग्राह्य धरावे.'

"मला बोलता येतंय की," बाई म्हणाल्या.

"हे एवढं नाही येत," दाभोळे म्हणाले. "पण रावसाहेब, तुम्ही आता चालवत नाही."

"चालक रिटायर व्हतो. उतरत न्हाई," रावसाहेब म्हणाले. त्यांनी खिशातून रुमालाची घडी काढली. घडीत चालकाचा पितळी बिल्ला होता, कडेला झिजलेला. दाभोळेंनी तो उजेडात धरून क्रमांक उतरवून घेतला आणि उभं राहायला सांगितलं.

रावसाहेब गाडीकडे तोंड करून उभे राहिले. थोडं चुकलं होतं, ते खांबाकडे तोंड करून उभे होते. शालनताईंनी त्यांना खांद्याला धरून नीट केलं.

"मी रावसाहेब भूपाल मगदूम. चालक. मी आयुष्यात कशाचा मालक नव्हतो. गाडी महामंडळाची, घर थोरल्या भावाचं. ही मला मालक म्हणायची, मी ओ द्यायचो. गाडी हिची हाय. घरातलं सगळं हिनंच चालवलंय. ह्या मालक."

गाडीचे पुढचे दिवे एकदा लागून विझले. चिठ्ठी आली. 'होय.'

शालनताईंनी पदर तोंडाला लावला. मग मला म्हणाल्या, "आता मी ह्यास्नी काय म्हणू?"

त्यासाठी अर्जात रकाना नव्हता.

आम्ही तपासणी सुरू केली. गुडघे जेमतेम. डावा खांदा वर जात नव्हता, आणि तो किती दिवसांपासून जात नाही हे विचारल्यावर शालनताईंनी धाकट्या मुलाच्या बारशापासून हिशोब लावला. दाभोळेंनी छातीला कान लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग त्यांनी फक्त 'ऐकलं' असं लिहिलं. डोळ्यांच्या तक्त्यासमोर शालनताईंना वरची ओळही नीट वाचता येईना.

"हा चष्मा कोणाचा?" मी विचारलं.

"ह्यांचाच जुना. चांगला व्हता, पडून ऱ्हायला असता."

म्हणजे इतकी वर्षं त्या रावसाहेबांच्या नजरेने रस्ता बघत होत्या. दाभोळेंनी कपाटातून बरोबर नंबराचा तात्पुरता चष्मा काढून दिला. तो लावून त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं आणि त्या पुढे झाल्या.

"आगं बाई. हनुवटीखाली दाढीचा पट्टा ऱ्हायलाय की. कवापास्नं?"

"मला काय म्हाईत? तू सांगशील म्हणून बसलोय," रावसाहेब म्हणाले.

राग पास झाला. चुकीचा पत्ता सांगणाऱ्याला शालनताईंनी पाणी दिलं.

मग गाडीची मूळ तक्रार आली. पहिल्या सूचनेपासून ती चिठ्ठी न उघडलेल्या पाकिटात होती, कारण मालक आल्याशिवाय ती उघडता येत नाही. 'मालक थांबत नाहीत. फाट्यावर शेजारचे थांबतात, मालक माझ्या काचा पुसतात.'

थांबण्याच्या परीक्षेला तीन संधी असतात. पहिल्या संधीत शालनताई दोन मिनिटं बसल्या, मग उठून त्यांनी बाकड्याखालचा केर एका कोपऱ्यात लोटला. दुसऱ्या वेळी चार मिनिटं झाली होती. त्यांना दाभोळेंच्या बाहीचं लोंबणारं बटण दिसलं. नवा चष्मा होता, दिसणारच. पदराला टोचलेली सुई त्यांच्या हातात कधी आली ते आम्हाला कळलं नाही. दाभोळेंनी हात पुढे केला हे मात्र मी पाहिलं. त्यांनी बटण लावून घेतलं आणि 'अनुत्तीर्ण' असं लिहिलं.

चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती. तिसऱ्या संधीला मी त्यांना सगळं काही सांगून पाहिलं. हात मांडीवर ठेवा. श्वासाकडे लक्ष द्या. परदेशात आम्ही असंच शिकवतो.

"बसते की गं," त्या म्हणत होत्या, पण त्यांची नजर खिडकीच्या जाळीतल्या धुळीवर होती आणि पाय जमीन शोधत होते.

तेवढ्यात रावसाहेब बोलले. मोठ्यानं, मागच्या सीटपर्यंत जाईल अशा आवाजात.

"बेलवाडी फाटा. गाडी दहा मिनिटं थांबेल. मालकांनी जागेवर बसून घ्यावं."

शालनताईंनी चमकून पाहिलं. मालकांनी सांगितलेलं त्यांनी कधी मोडलं नव्हतं, आणि आता मालकांनाच सांगितलं होतं. त्या मागे टेकल्या. रावसाहेब चाचपडत येऊन शेजारी बसले, त्यांच्या डाव्या हाताला. दाभोळेंनी घड्याळ लावलं.

शेडमध्ये गाडीचा पंखा फिरत होता, तोही बंद झाला. बाहेर कोणीतरी कडब्याची गाडी हाकत नेली. शालनताईंनी काही पुसलं नाही, काही झटकलं नाही. सातव्या मिनिटाला त्यांचे हात मांडीवर आपोआप उताणे झाले. आठव्याला टेलिफोन वाजला आणि तो कोणीही उचलला नाही.

दहा मिनिटं झाली. दाभोळेंनी घड्याळ थांबवलं नाही. त्या चौदा मिनिटं बसल्या.

"चहा झाला आसंल सगळ्यांचा," मग रावसाहेब म्हणाले.

मी फाईलमध्ये शेवटचा शेरा लिहिला, 'मालक आल्या.' दाभोळेंनी वाचलं, 'आल्या'वर बोट ठेवलं, थोडा विचार केला आणि शिक्का मारला. दुरुस्तीत आम्ही लिहून दिलं, रोज एकदा दहा मिनिटं, काचा न पुसता. पुढची तारीख दहा हजार किलोमीटरनंतरची. बेलवाडी फाट्याला रोज जाऊन येऊन सोळा किलोमीटर होतात.

शालनताईंनी गाडीत बसून आरसा नव्या चष्म्याला लावून घेतला. मग दुसऱ्या बाजूचं दार आतून उघडलं.

"चला, ड्रायव्हर," त्या म्हणाल्या. "वखत झाला."

"आलो, मालक," रावसाहेब म्हणाले आणि वाकून आत बसले.

गाडी नाक्यापाशी न अडखळता बेलवाडीच्या रस्त्याला लागली. डावीकडची काच खाली होती. थांब्यांची नावं आम्हाला तिसऱ्या थांब्यापर्यंत ऐकू आली. मग दाभोळेंनी हुपरीला फोन लावला आणि सांगितलं की यादीत पुढे काही सरकलेलं नाही.