सुकतीच्या आत

"समुद्र ना? आणून ठेवतो तुझ्या उशाशी. त्यात काय एवढं," असं रशीदभाईंनी बायकोला सांगून टाकलं, तेव्हा समुद्र कशाचा करतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नाही म्हणून गप्प बसतील तर ते रशीदभाई कसले! सगळी हयात आगबोटीच्या इंजिनखान्यात गेलेली. कान तिथेच ठेवून आले होते, आवाज मात्र घरी घेऊन आले होते.

फरीदा अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी 'घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला' म्हणून सांगितलं होतं, आणि डॉक्टर असं कधी सांगतात ते राजिवड्यातल्या पोरासोरांनाही कळतं. तिने नवऱ्याकडे जन्मात काही मागितलं नव्हतं. मागणार कधी? तो घरी असायचा कधी? एका सकाळी पेज पिता पिता एवढंच म्हणाली, "काठावरून दिसतो तो दर्या रोज बघितला. तुम्ही असायचात तिथला कसा असतो, तेवढा बघायचा होता." रशीदभाईंचा चमचा वाटीतच राहिला. तिला बोटीवर न्यावं म्हणाल, तर उंबऱ्यापर्यंत न्यायची सोय उरली नव्हती.

मग त्यांना गंगाराम आठवला. हा मिरजोळ्याला फायबरच्या होड्या बनवणाऱ्या कारखान्यात कामाला. रेझीन म्हणून मधासारखं दाट काहीतरी असतं, त्यात हार्डनर घातलं की काचेसारखं घट्ट होतं, आणि त्यात निळा रंग घालून आपण एका साहेबाला लाटांचं टेबल करून दिलं, असं तो कधीतरी बोलला होता. रशीदभाई तडक मिरजोळ्याला गेले. गंगारामने डबा दिला, बाटली दिली, आणि बजावलं की दोन्ही एकत्र केलंत की सुकायच्या आत ओता. शेजारी घासायचं मशीन कोकलत होतं. रशीदभाईंनी ऐकलं, 'सुकतीच्या आत ओता.'

आता सुकती म्हणजे ओहोटी. दर्यावर्दी माणसाला हे इतकं पटलं की परत विचारायचं कारणच काय! भरतीत ओतला तर समुद्र भरलेला दिसणार, सुकतीत ओतला तर रिता, चिखल उघडा पडलेला. वरच्या गावातला शेतकरी गडी, पण काय बारकावा ठेवलाय, असं स्वतःशीच म्हणत ते घरी आले. चंद्राच्या तिथीवरून हिशेब केला. सुकती लागणार असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजाच्या सुमारास. म्हणजे वेळच वेळ!

त्यांनी अंगणात फणसाची फळी मांडली, प्लास्टिकच्या बादलीत सगळं एकत्र केलं, कपड्यांची नीळ घातली, काठीने ढवळलं, लुंगीवर उडालं तिकडे लक्ष दिलं नाही, आणि शेजारच्या मथुराला भर समुद्रातल्या लाटा सांगत बसले. लाट माडाएवढी झाली तेव्हा मथुरा म्हणाली की बादलीतून धूर येतोय. रशीदभाई म्हणाले, येणारच, खऱ्या समुद्रावरही वाफ असते. लाट दोन माडांएवढी झाली तेव्हा बादलीचं बूड मऊ पडून बसलं आणि असा काही उग्र वास सुटला की आळीतली माणसं पाण्याच्या कळशा घेऊन धावली. कोणी म्हणे गॅस फुटला, कोणी म्हणे पेटलं. रशीदभाई ढवळायची काठी धरून ओढायला गेले, तर अख्खी बादलीच वर आली.

एसटीडी बूथवरून गंगारामला फोन लावला. तो बिचारा तीनदा ओरडून म्हणाला, "सुकायच्या, रशीदभाई, सुकायच्या!" तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात उजेड पडला. दुसरा माल मुंबईहून यायला आठ दिवस लागतील, असंही तो म्हणाला. आठ दिवस! रशीदभाई बूथबाहेरच्या पायरीवर मटकन बसले. आठ दिवसांचं कोणी सांगावं, त्यांना उद्याचीही धास्ती होती.

घरी आले तर आतून हाक, "आला का दर्या?"

मग काय करतात! बादलीत घट्ट झालेल्या गोळ्यावरचं प्लास्टिक कोयत्याने सोलून काढलं आणि फळीवर ठेवून आत नेला. वर निळा, खाली जळून पिवळट, आरपार तडकलेला आणि मधोमध काठी उभी. हा तुफानातला आहे, असं काहीतरी ते पुटपुटले. फरीदाने त्याच्यावर हात ठेवला. अजून कोमट होता. तिने तो पुष्कळ वेळ बघितला, मग हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

"याच्यासाठी मला एकटी टाकून जात होतात?"

रशीदभाईंना रडू कोसळलं. "दुसरा करतो गो, चांगला करतो. आताच मिरजोळ्याला जाऊन गंगारामला सांगून येतो," म्हणत स्टुलावरून उठू लागले, तर तिने त्यांची बाही धरली.

"आता जाऊ नका."

इतक्या वर्षांत किती वेळा ते निघाले. ती दरवेळी दाराशी उभी राहिली, एकदाही अडवलं नाही. रशीदभाई बसले. अंधार पडेपर्यंत तिचा हात धरून बसले. पुढे दिवा लावायला उठायला गेले, तर लुंगी स्टुलाला घट्ट चिकटलेली. त्या रेझीनने दिवसभरात नीट काम केलं ते तेवढं एकच.