बोधनकरकाका मॅच बघत नाहीत

टेनिसची फायनल सुरू झाली की बोधनकरकाका टीव्ही लावून देतात आणि स्वतः घराबाहेर निघून जातात. दाराकडे पाठ करून जिन्यात उभे राहतात, दोन पायऱ्या उतरतात, पुन्हा चढतात. आत काकू निवांत मॅच बघत असतात. काका बघत नाहीत, कारण आपण बघितलं की आपला खेळाडू हरतो, अशी त्यांची खात्री आहे.

नल्लकुंट्यात मी त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा मला वाटलं, नवराबायकोचं भांडण झालंय. मध्ये पडावं की नाही या विचारात होतो, तोच त्यांनी हाक मारली. "बाळा, जरा आत जाऊन स्कोअर बघून ये की. ही नुसतं 'चाललंय' म्हणते." तेव्हापासून पुण्याहून आयटीत आलेला हा शिकलासवरलेला माणूस काकांना स्कोअर सांगायच्या कामाला लागला आहे.

काकांचा खेळाडू ठरलेला नसतो. तो फक्त माजी विजेता असावा लागतो. कधीकाळी करंडक उचललेला आणि आता गुडघ्याला पट्टी बांधून पोरासोरांच्या सर्व्हिसमागे धावणारा. "नवीन पोरं काय, जिंकतीलच पुढं," काका म्हणतात. "ह्याला परत कधी मिळावं?" असे खेळाडू बहुधा हरतातच. मग काका मान खाली घालून कबूल करतात, "मी एकदा खिडकीतून डोकावलो ना, त्याच्यानंच झालं." गोल्फचं तर विचारूच नका. ती स्पर्धा चार दिवस चालते. चारही दिवस काका विद्यानगरच्या रस्त्यांवर येरझारा घालतात आणि मला ऐन मीटिंगमध्ये फोन करतात. निकाल लागला की मात्र ऐटीत खुर्चीत बसून रिप्ले बघतात.

मला वैताग यायचा, पण गंमतही वाटायची. परवा मात्र गंमत वाटली नाही. काकूंच्या पोटातली गाठ काढायची होती. मुलगी परदेशातून निघाली होती, पण पोहोचायला वेळ होता, म्हणून मी सोबत गेलो. काकूंना आत नेलं आणि वळून बघतो तर काका गायब. खाली, समोरच्या इराणी हॉटेलाबाहेर, दवाखान्याकडे पाठ करून उभे. मी भडकलो. काकू आत आहेत आणि तुम्ही इथे चहा पीत उभे राहता, असं तोंडावर म्हणालो.

त्यांच्या हातातल्या चहावर साय धरली होती. "ही टेनिसमध्ये युनिव्हर्सिटीची चॅम्पियन होती, माहीत आहे ना," ते म्हणाले. "दोन वर्षं लगातार. तिसऱ्या वर्षी आमचं लग्न ठरलेलं. फायनल बघायला गेलो मी, पहिल्यांदाच. हरली. आज मी वर नक्को."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी वर जाऊन बसलो. थोड्या थोड्या वेळानं त्यांचा फोन यायचा आणि मीही काकूंसारखं "चाललंय" म्हणायचो, कारण मला दुसरं काही माहीतच नव्हतं.

दुपारी डॉक्टर बाहेर आले. गाठ नीट निघाली, काळजीचं कारण नाही, म्हणाले. काकांना कळवलं, तरी ते येईनात. ती शुद्धीवर आल्याशिवाय निकाल लागला कसा म्हणायचा, असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळी काकूंनी डोळे उघडले आणि खोलीभर नजर फिरवली.

"खालीच असतील ना?"

मी मान हलवली.

"मॅच संपली म्हणावं. रिप्ले बघायला या."

काका लिफ्टसाठी न थांबता जिना चढून आले, आणि दाराशी पोहोचताच सवयीनं पाठ करून उभे राहिले.

"अहो," काकू म्हणाल्या. आवाज जेमतेम फुटत होता. "किती वेळा सांगू, ताप होता मला त्या दिवशी. तुम्ही येणार होता, म्हणून तर खेळले. वळा इकडं."

काका वळले. खुर्ची पलंगाजवळ ओढून बसले आणि काकूंकडे बघत राहिले.