लेमन बारखालची काच

गव्हाच्या बादल्यांमागचा चपटा डबा जागेवरच होता. फक्त तो उघडा होता आणि त्यात काच नव्हती.

रविवारची चर्चमधली प्रार्थना आटोपून थेन ऑस्लर टायसुद्धा न सोडता तळघरात उतरला होता, ते त्या काचेकडे एकदा डोळे भरून पाहायला. आता त्यानं गव्हाच्या बादल्या ओढल्या, तांदळाच्या ओढल्या, दूध-पावडरचे डबे खाली उतरवले. वर्षभराचा शिधा घरात असलाच पाहिजे, असं त्यांच्या चर्चचं सांगणं. त्यामुळे ओरेम गावातल्या प्रत्येक तळघरात असा डोंगर असतो आणि लग्नात रचलेल्या त्या डोंगराला नातवंडं होईपर्यंत कोणी हात लावत नाही. जगात याहून सुरक्षित जागा नाही, अशी थेनची खात्री होती.

काच दिसायला साधी. जेवणाच्या ताटाएवढी, गोल, जाडसर, थोडी आरशासारखी चकचकीत. पण तिच्यावर ॲल्युमिनियमच्या तारा ओळीनं उभ्या होत्या, आणि केसाची हजार शकलं केली तर एखाद्या शकलाची बरोबरी होईल इतक्या त्या बारीक. अशी काच प्रोजेक्टरच्या पोटात बसते, एका दिशेनं थरथरणारा प्रकाश आत सोडते आणि बाकीचा दारातूनच परत पाठवते. काम मोठं, पण स्वभाव नाजूक. नुसतं बोट लागलं तरी तारा आडव्या होतात आणि काच कामातून जाते. थेननं उमेदीची वर्षं खर्ची घालून या तारांवर एक पातळ संरक्षक थर बसवला होता. तिच्या भावंड-काचा भट्टीच्या आणि वाफेच्या चाचण्यांत कामी आल्या होत्या. चांगली अशी ही एकच उरली होती.

आणि सोमवारी सकाळी जपानहून हागिवाराबाई येणार होत्या. त्यांच्या कारखान्यातल्या मुली काचेवर कण दिसला की सवयीनं फडकं मारत, आणि निम्मा माल तिथंच बाद होई. बाईंची अट एकच होती: माझ्यासमोर पुसून दाखवा. मालक वर्ल स्ट्रिंगमनं छातीवर हात ठेवून हो म्हटलं होतं. काच पुसण्यात टिकली नाही, तर थेनचा विभाग बंद होणार होता. मग थेनला फिनिक्सच्या उन्हात दुसरी नोकरी धरावी लागणार, आणि जिचं अख्खं माहेर हाकेच्या अंतरावर आहे त्या जनीलला तिकडे न्यावं लागणार. या विषयावर जनील एवढंच म्हणाली होती, "तू जा. मी पत्र लिहीन."

खरी गोम अशी, की थेननं स्वतः ती काच कधी पुसलीच नव्हती. फडकं हातात घेतलं की तो ते पुन्हा घडी करून ठेवायचा. शनिवारी कारखान्यात साफसफाई असते, कोणी उत्साही माणसानं पुसली तर काय घ्या, या धास्तीनं तो ती कोणाला न विचारता घरी घेऊन आला होता.

"जनील," तो जिन्यावरूनच म्हणाला, "गव्हामागं एक काच होती."

"ते ताट होय?" जनील बटाटे सोलत होती. "मी शिधा खालीवर केला ना काल. भगिनी मंडळात तोच विषय होता, जुनं पुढं काढा, नवं मागं ठेवा. तर ते ताट सापडलं. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू. कोणाचं तरी राहिलेलं, किती वर्षांचं असेल देव जाणे, आणि खाली नावाची पट्टीसुद्धा नाही."

"मग?"

"मग काय? धुतलं, लेमन बारच्या वड्या रचल्या आणि सिस्टर लरूकडे देऊन आले. पाय मोडून पडल्यात बिचाऱ्या. त्यांचं असेल तर घरी गेलं, नसेल तर जाईल पुढं ज्याचं त्याला."

थेननं जिन्याचा कठडा धरला. "धुतलं म्हणजे कसं धुतलं?"

"ताट कसं धुतात?"

त्याला सगळं सांगायचं होतं. पण विनापरवाना काच घरी आणल्याचं जनीलला सांगितलं की ते तिच्या आईला कळणार, आणि तिच्या आईला कळलेलं वर्ल स्ट्रिंगमपर्यंत संध्याकाळच्या आत पोचणार. आणि वर्ल नुसता कारखान्याचा मालक नव्हता, त्यांच्या चर्चचा बिशपही होता; त्यांच्यात हे काम गावातल्याच एखाद्या संसारी माणसाकडे येतं. एकाच माणसासमोर नोकरीचा आणि आत्म्याचा असा दुहेरी हिशेब द्यायला थेन तयार नव्हता. तो गाडीची किल्ली घेऊन निघाला.

चर्चमुळे सगळे एकमेकांना सिस्टर-ब्रदर म्हणतात त्या वस्तीत एक नियम कोणी लिहून ठेवलेला नाही, पण सगळे पाळतात. दिलेलं ताट मागायला जायचं नाही. ताट आपण होऊन परत येतं, आणि येताना रिकामं येत नाही. ते मागणं म्हणजे संबंध तोडणं. त्यामुळे सिस्टर लरूच्या दारात थेन उभा राहिला, तो घाम पुसतच.

"अरे थेन, ये, बस," प्लास्टरातला पाय स्टुलावर टाकून म्हातारी म्हणाली. "सूप घे."

"नको. मी जरा ते... लेमन बारचं ताट..."

म्हातारीचा चेहरा उतरला. "जनीलला राग आला का? लगेच परत केलं नाही म्हणून?"

"छे, राग कसला."

"मग तू रविवारी ताट मागत कशाला फिरतोयस? बरं, ऐक. ताट माझं नव्हतं. मी ते भांडी धुण्याच्या मशीनमध्ये टाकलं. कडक पाण्यात, दोनदा, कारण लिंबू चिकटलं होतं. आणि त्यावर पावाचे रोल ठेवून नायलाकडे पाठवलं. जुळी झालीत तिला."

"दोनदा," थेन म्हणाला.

"स्वच्छता नको का?"

सूप प्यावंच लागलं. थेन नायलाच्या दारात पोचला तेव्हा कुठल्याही वाफ-चाचणीत वाफेचा असा मारा नसतो, हाच विचार त्याच्या डोक्यात घुमत होता. नायलाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक पोर होतं आणि दोन्ही रडत होती.

"ते चकचकीत ताट? हो, आलं होतं. नवऱ्यानं रोल गरम करायला ताटासकट ओव्हनमध्ये ठेवले आणि विसरला. वर चीजही घातलं होतं त्यानं. तुम्ही याला धरता का जरा?"

थेननं पोर धरलं. "काच तडकली?"

"नाही हो, फार दणकट आहे. चीज मात्र जळून असं बसलं की निघेना. मग मी तसंच, वर कागदी जाळी टाकून, कुकीज ठेवून बिशपच्या घरी दिलं. त्यांची बायको मार्व्हा एवढं जेवण पाठवते, रिकामं कसं द्यायचं? पण ब्रदर ऑस्लर, एक विचारू? घरी सगळं ठीक आहे ना? सिस्टर लरूचा फोन आला होता. म्हणाल्या, ऑस्लरांकडे ताटांची फार ओढ दिसते."

थेन घरी परतला तेव्हा ओट्यावर मयताच्या बटाट्यांचं भलंमोठं भांडं होतं. बटाटे, भरपूर चीज, वर कॉर्नफ्लेक्स. तिकडच्या मयताला हा पदार्थ ठरलेला, म्हणून नावच ते. त्याच्या शेजारी कोणीतरी हॅम ठेवलं होतं, मग सॅलड, मग आणखी एक मयताचे बटाटे. आणि खुर्चीवर कागदी ताटांचा गठ्ठा.

"थेन," जनील अतिशय हळू आवाजात म्हणाली, "आपण कोणत्या संकटात आहोत ते मला सांगशील का? सगळ्या गावाला माहीत आहे. फक्त मलाच नाही."

त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात दारावर टकटक झाली. दारात वर्ल स्ट्रिंगम उभा होता. कारखान्यात तो शर्टाच्या बाह्या सारून असायचा. आज त्याच्या अंगावर कोट होता आणि चेहऱ्यावर बिशपची करुणा.

"थेन," तो सोफ्यावर बसत म्हणाला, "संसारात असे दिवस येतात. माझ्याही आले. पण भांड्याकुंड्यांवरून रागावून माणसानं घरोघर फिरू नये."

"बिशप, तसं काही नाही."

"लगेच बोलू नकोस. उद्या महत्त्वाचा दिवस आहे, मन शांत हवं. काच जपून ठेवलीयस ना?"

"सुरक्षित ठिकाणी आहे," थेन म्हणाला. ती बिशपच्याच स्वयंपाकघरात होती, म्हणून हे अगदीच खोटं नव्हतं. "मार्व्हा घरी आहेत का? जरा तिकडे येऊन जातो म्हणतो."

"मुळीच नाही. तू बायकोजवळ बस." वर्लनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मार्व्हा उद्याच्या पाहुण्यांसाठी सिनॅमन रोल करतेय. दोघं हात धरून बसा. मी बसतो हवं तर थोडा वेळ."

आणि तो खरंच बसला. थेन आणि जनील हात धरून बसले. एकाचा हात गार पडला होता आणि दुसरीचा आवळत चालला होता. बिशप गेल्यावर थेननं जनीलला सगळं सांगून टाकलं. तिनं हॅम झाकून फ्रिजमध्ये ठेवलं.

"फिनिक्समध्ये उन्हाळा किती महिने असतो?" तिनं शेवटी विचारलं.

सोमवारी मार्व्हाला दारातच गाठायचं, असं ठरवून थेन कारखान्यात लवकर पोचला. पण हागिवाराबाई त्याच्याही आधी आल्या होत्या. बैठकीच्या खोलीत बाई ताठ बसल्या होत्या, समोर गरम चॉकलेटचा कप होता, कारण कॉफी त्यांच्या चर्चला चालत नाही आणि त्या कारखान्यात कोणी ठेवत नसे. बाजूला वर्ल हसत होता. आणि टेबलाच्या मधोमध सिनॅमन रोलच्या राशीखाली थेनची काच होती. आयसिंगचे ओघळ तिच्यावर सुकत चालले होते. बाईंसमोरून रोलांचं ताट ओढून घेणं शक्य नव्हतं.

"घ्या ना," मार्व्हा आग्रह करत होती. "आणखी एक घ्या."

"ये थेन," वर्ल म्हणाला. "काच आणलीस?"

थेननं रोलांच्या राशीकडे पाहिलं. "आणली आहे," तो म्हणाला आणि खुर्चीत बसला.

हागिवाराबाईंनी दुसरा रोल उचलला. त्याखाली काचेचा एक तुकडा मोकळा झाला. बाईंनी रोल तोंडाशी नेला, मग पुन्हा खाली ठेवला. त्यांनी चष्मा सावरला. हातपिशवीतून अंगठ्याएवढी, तशीच एका दिशेचा प्रकाश सोडणारी तपासणीची काच काढली, डोळ्याशी धरली आणि ताटाकडे पाहत हळूहळू फिरवली. थेनला न पाहताही दिसत होतं: ताट काळं पडत असणार आणि पुन्हा उजळत असणार.

"हे ताट कुठलं?" बाईंनी विचारलं.

"कोणाचं कोण जाणे, खाली नावाची पट्टीच नाही," मार्व्हा म्हणाली. "फिरत फिरत आलंय. थांबा, मोकळं करून देते."

तिनं उरलेले रोल कागदावर काढले आणि ओल्या फडक्यानं आयसिंग खसाखसा पुसून टाकलं. थेननं डोळे मिटून घेतले. वर्लचं हसू मात्र अर्ध्यात थांबलं, कारण आता त्यानंही काच ओळखली होती.

बाईंनी काच दिव्यासमोर धरली. तार मोडलेली असली, तर काळ्या पडलेल्या काचेवर तिथं पांढरी रेघ उठते. त्यांनी एक कड तपासली, मग दुसरी. थेनच्या डोळ्यांसमोर फिनिक्स उभं होतं.

"रेघ नाही," बाई म्हणाल्या. "हे कसं धुतलं?"

"चीज बसलं होतं जळून," मार्व्हा जरा ओशाळून म्हणाली. "आधी सोडा लावला. नाही निघालं. मग तारेची घासणी घेतली आणि जोर लावला. तुम्हाला वास येतोय का चीजचा?"

"नाही, नाही." बाईंनी काच टेबलावर ठेवली. "आणि त्याआधी?"

सगळे थेनकडे पाहू लागले. त्यानं मग नायलाचा ओव्हन सांगितला, लरूचं भांड्यांचं मशीन सांगितलं, लिंबू सांगितलं. सांगताना, आपण ज्या काचेला फडकं लावायला भीत होतो तिच्याकडे त्याला आता नीट पाहवत नव्हतं. बाई प्रत्येक गोष्ट वहीत टिपत होत्या.

"आमच्याकडे इतकी कठोर चाचणी नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "ही काच मी नेऊ का? वरिष्ठांना दाखवायला."

"न्या," वर्ल म्हणाला. बाई जाईपर्यंत तो मालक होता. बाई गेल्यावर तो क्षणभर बिशप झाला, मग पुन्हा मालक, आणि थेनला जे ऐकून घ्यावं लागलं त्यात दोघांचाही वाटा होता.

पुढचे आठवडे जीव टांगणीला लागले. जपानहून काहीच कळेना. जनीलनं फिनिक्सचा नकाशा आणला आणि न उघडता फ्रिजवर ठेवला. मयताचे बटाटे संपले, भांडी ज्याची त्याला भरून गेली.

मग एके दिवशी थेनच्या घरच्या पत्त्यावर खोकं आलं. आत कागदात गुंडाळलेली काच होती आणि तिच्यावर लाल चवळीसारख्या दाण्यांच्या गोड वड्या नीट रचून ठेवल्या होत्या. जनीलनं वड्या काढून काच उलटी केली. खाली कागदी चिकटपट्टीवर, बाईंनी वहीत टिपलेल्या क्रमानं, लरू, नायला आणि मार्व्हा ही नावं एकाखाली एक लिहून खोडली होती. त्याखाली नवी पट्टी होती आणि तिच्यावर सुबक अक्षरांत लिहिलं होतं, हागिवारा. खोक्याच्या तळाशी ऑर्डरही होती, थेनच्या विभागाला कित्येक वर्षं पुरेल एवढी.

थेन स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसला आणि मान खाली घालून चक्क रडला. जनीलनं फ्रिजवरचा नकाशा काढून कचऱ्यात टाकला आणि ती पट्टी पुन्हा वाचली.

"थेन, हे ताट आता त्यांचं आहे. परत पाठवायला लागेल."

"हो."

"रिकामं नाही पाठवता यायचं."

थेननं डोळे पुसले आणि काच हातात घेतली. मग खिशातला रुमाल काढून तिच्यावरचा वडीचा कण त्यानं पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं पुसला.

"लेमन बार कर," तो म्हणाला. "पण जपानपर्यंत टिकतील का ते?"

"मला काय माहीत?" जनील लिंबं काढत म्हणाली. "चाचणी घे."