आडबाजूचा कोपरा

विश्राम दात्यांना गाडी पॉलिश करायची मुळीच हौस नव्हती. त्यांना ती विकायची होती, आणि पॉलिश केल्याशिवाय ती विकली जात नव्हती. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक गाडीभोवती एक चक्कर मारायचं, बॉनेटवर बोट फिरवायचं आणि "घरी विचारून सांगतो" म्हणून निघून जायचं. डोंबिवलीत घरी विचारायला गेलेलं गिऱ्हाईक परत आल्याचं दात्यांच्या ऐकिवात नव्हतं.

दसऱ्याला नवी गाडी येणार होती. सोसायटीत एका फ्लॅटला एकच पार्किंग. बाहेर रस्त्यावर लावावी, तर एमआयडीसीतले टेम्पो दिवसभर ये-जा करायचे आणि उभ्या गाड्यांचे आरसे घेऊन जायचे. वासंतीबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, "जुनी हलली नाही तर नवी येणार नाही. शोरूमला फोन करून मीच नको म्हणून सांगेन." त्या बोलल्या की करत, हे दाते लग्नापासून जाणून होते.

अशात आंबिवलीहून हर्षित नावाच्या मुलाचा फोन आला. रविवारी सकाळी गाडी बघायला येतो म्हणाला. दात्यांनी पॉलिश करायचं ठरवलं.

आता दात्यांनी ठरवलं म्हणजे अभ्यास आला. मिक्सर घेताना त्यांनी इतका अभ्यास केला होता, की तेवढ्या काळात वासंतीबाईंनी पाट्यावर वाटायची सवय करून घेतली. आठवडाभर ते मोबाइलवर पॉलिशचे व्हिडिओ पाहत राहिले. एकजण म्हणे नवशिक्याने मशीनला फोमचंच पॅड लावावं. दुसरा म्हणे फोमने काही होत नाही, लोकरीचं घ्या. तिसरा म्हणे लोकरीच्या पॅडने रंगच निघून जाईल. सगळ्यांचं एकमत एका गोष्टीवर होतं : आधी गाडीच्या आडबाजूच्या कोपऱ्यात करून बघा.

ठाण्याला, खोपटच्या एका दुकानात दाते पिशवी घेऊन गेले.

"घासायचीय की चमकवायचीय?" दुकानदाराने विचारलं.

"दोन्हीतलं सुरक्षित काय?"

"सुरक्षित म्हणजे गाडी घरी ठेवायची, काका. घासायला रबिंग कंपाउंड, जाडं. चमकवायला बारीक पॉलिश. जाड्याबरोबर लोकरीचं पॅड, बारीकबरोबर मऊ फोम. मधलं पण येतं."

"मधलं कशाबरोबर?"

"मधल्याबरोबर."

दात्यांनी सगळंच घेतलं. घरी जेवणाच्या टेबलावर पिवळी, केशरी, काळी पॅडं मांडून ठेवली आणि ती बघत बसले. वासंतीबाईंनी आमटीचं पातेलं हातात धरून विचारलं, "ह्यातलं कुठलं उचलू? का आमटी लोकरीवर ठेवू?"

शनिवारी दुपारी दाते पॉलिशचं मशीन घेऊन खाली उतरले. मशीनची वायर वॉचमनच्या खोलीतल्या प्लगला जोडली आणि आपल्या चंदेरी गाडीचा आडबाजूचा कोपरा शोधू लागले. तो काही सापडेना. जो कोपरा पाहावा तो दर्शनी वाटे. कोपरा कितीही आडबाजूला असला तरी गाडी आपली, हा विचार डोक्यातून जाईना.

तेवढ्यात त्यांचं लक्ष पार्किंगच्या टोकाला गेलं.

तिथे रघुशेठची गाडी होती. रघुशेठची म्हणण्यापेक्षा धाकूशेठची, म्हणजे त्याच्या वडिलांची. ही इमारत उभी होती ती जमीन धाकूशेठची. त्या बदल्यात घराण्याला फ्लॅटही मिळाले आणि पार्किंगही. धाकूशेठ गेले तेव्हापासून गाडी जागची हलली नव्हती. टायर बसले होते, मूळ रंग कोणता हे सांगायला जुने रहिवासीच लागत. गाडीला हात लावायची कुणाची टाप नव्हती. एकदा वॉचमनने तिला झाडू टेकवून ठेवला, तेव्हा रघुशेठचा आवाज चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू आला होता.

पण रघुशेठ राहायचा मानपाड्याला, आपल्या बंगल्यात. आणि दात्यांच्या दृष्टीने यापेक्षा आडबाजूचा कोपरा जगात नव्हता.

त्यांनी बॉनेटचा कोपरा ओल्या फडक्याने पुसला. मऊ फोम, बारीक पॉलिश. काही फरक नाही. मधलं पॅड, मधलं कंपाउंड. तरी नाही. मग मनाचा हिय्या करून लोकरीचं पॅड लावलं, जाडं रबिंग कंपाउंड घेतलं आणि मशीन सुरू केलं. पुसून पाहतात तो खालून गडद निळा रंग वर आला होता. त्यात दात्यांना स्वतःचा चेहरा दिसला. चेहरा आधी खूश होता, मग घाबरला.

कारण धुळकट गाडीवर तो ताटलीएवढा निळा डाग फाटकातूनही दिसत होता.

दात्यांनी मूठभर धूळ आणून त्यावर टाकली. पॉलिश इतकं उत्तम झालं होतं की धूळ घसरून खाली गेली. कुंडीतली ओली माती फासली. आता डाग पडल्यासारखा नाही, कुणीतरी लपवल्यासारखा दिसू लागला. शेवटी माती धुऊन काढून त्यांनी विचार केला, की अख्खं बॉनेट सारखं केलं तर निदान ठिगळ दिसणार नाही. बॉनेट झालं. मग बॉनेटशेजारचे पत्रे मेलेले दिसू लागले. ते झाले, तर दारं. दारं झाली, तर टप.

कमरेत उसण भरली तेव्हा कंपाउंडची बाटली रिकामी होती, पॅडं चिकट गोळे झाली होती आणि धाकूशेठची गाडी लग्नाला निघाल्यासारखी उभी होती. अलीकडे दात्यांची गाडी होती तशीच होती. दात्यांना रडू येईल असं वाटलं, पण त्यालाही अंगात ताकद उरली नव्हती.

"झाली का आपली?" वासंतीबाईंनी दारातच विचारलं.

"चाचणी झाली," दाते म्हणाले आणि आडवे झाले.

रविवारी सकाळी हर्षित आला. दात्यांच्या गाडीपाशी थांबायच्या ऐवजी सरळ पुढे गेला.

"काका, एकच नंबर ठेवलीये. फोटोत चंदेरी वाटलेली."

"ती नाही. ही."

हर्षितने मागे वळून पाहिलं. त्याचा चेहरा पडला. "ही वाली नाही का देणार?"

"कुठली वाली?" मागून आवाज आला. वॉचमनने फोन केला असणार, रघुशेठ फाटकातून आत येत होता. रघुशेठ गाडीभोवती फिरला. बॉनेटवर हात ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला.

"कुनी केलं?"

"मी," दाते म्हणाले. "म्हणजे, मी फक्त कोपऱ्यात..."

रघुशेठने फोन काढला. दात्यांना वाटलं पोलीस. "आये, आवर. गारी पाठवतो तुला आनायला," तो म्हणाला. "बाबांची गारी बघायला ये."

रघुशेठची आई, गोदाकाकू आल्या. दार उघडून पुढच्या सीटवर, आपल्या नेहमीच्या जागी बसल्या आणि शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघून पदराने डोळे पुसू लागल्या. "ह्यांना अशीच लागायची," त्या म्हणाल्या. "रोज पुसायचे."

हर्षितने तरीही एकदा विचारून पाहिलं. रघुशेठने नुसतं बघितलं. मग हर्षित दात्यांच्या गाडीला एक चक्कर मारून, बॉनेटवर बोट फिरवून, घरी विचारायला गेला.

"आता?" वासंतीबाई गॅलरीतून खाली आल्या होत्या. हातात फोन होता. "लावू शोरूमला?"

"काय झालं काकू?" रघुशेठने विचारलं. वासंतीबाईंनी पार्किंगची अडचण सांगितली.

"एवढंच? जुनी गारी माझ्या आवारात लावा की. विकायची कशाला? मोप जागा पडलीय. तुमी आमच्या बाबांसाठी एवढं केलंत, काका. कोन करतं आजकाल?"

दात्यांना आपण धाकूशेठसाठी काय केलं ते सांगण्याचा क्षणभर मोह झाला. पण वासंतीबाईंनी फोन पर्समध्ये टाकला होता, आणि दात्यांनी मोह आवरला.

पुढच्या रविवारी ते जुनी गाडी घेऊन मानपाड्याला गेले. आवारात रघुशेठच्या, त्याच्या भावांच्या, मेव्हण्याच्या गाड्या धुऊन रांगेत उभ्या होत्या. शेवटी विटांचा टेम्पोही होता. गोदाकाकू ओट्यावर चहा घेऊन बसल्या होत्या. बाजूच्या टेबलावर नवी पॅडं आणि कंपाउंडच्या बाटल्या मांडलेल्या होत्या.

"खोपटवरून सगळी आनली," रघुशेठ म्हणाला. "तुमचा हात चांगला हाय. दर रविवारी एक केली तरी बास."

दात्यांनी रांगेकडे पाहिलं. त्यांची कमर आपोआप दुखू लागली.

"पन काका, आमच्या गाऱ्या नव्या हायेत. डायरेक्ट मशीन नका लावू," रघुशेठ आपुलकीने म्हणाला. "कुठलं पॅड चालतं ते आधी कोपऱ्यात करून बघा." आणि त्याने आवाराच्या आडबाजूला बोट केलं.

तिथे दात्यांची गाडी उभी होती.